हिशेब देतोच आहोत, पण हिशेब लिहिणाऱ्याचा पगार कुठून द्यायचा?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एक पत्र आलं होतं, की एनजीओ म्हणजे सगळा परदेशी पैसा, यांच्यावरचे कायदे अजून कडक करा, आणि हिशेब स्वच्छ असेल तर घाबरायचं काय कारण. लिहिणाऱ्यांचा राग मला कळतो, कारण पैसे खाणाऱ्या संस्था मीही जवळून बघितल्यात, पण ते "घाबरायचं काय कारण" डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबलंय, जमेल तेवढं छापा.

मी बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या ट्रस्टचा सचिव आहे, बावीस वर्षं झाली. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडचे कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, निघतात, मुकादमाची उचल घेतलेली असते त्यामुळे जावंच लागतं, कोणी सांगली कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. त्यांच्या पोरांनी शाळा सोडून आईबापामागे फडात जाऊ नये म्हणून आम्ही तो सीझनभर वसतिगृह चालवतो, साधारण चाळीस मुलं मुली असतात. स्वयंपाकाला एक मावशी, शिकवायला एक ताई, रात्री एक रखवालदार आणि आठवड्यातून दोनदा येऊन हिशेब लिहिणारा एक बीकॉम झालेला मुलगा. एवढाच आमचा पसारा.

आता या पत्राचं खरं कारण सांगतो. माझी पुतणी वकील आहे आणि सध्या वॉशिंग्टनला एका संस्थेत व्हिजिटिंग लीगल फेलो म्हणून गेलीय. घरात सुरुवातीला कुणाला नीट कळतच नव्हतं की ही तिथे शिकायला गेलीय का नोकरीला, तिची आई शेजारी सांगायची की पोरगी अमेरिकेत अजून एक डिग्री करतेय. तसं नाहीये. तिचं काम असं, की वेगवेगळ्या देशांत चार लोकांनी एकत्र येऊन संस्था काढायची म्हटली तर नोंदणी कुठे करावी लागते, पैसा कुणाकडून घेता येतो, तो कशावर खर्च करता येतो, हिशेब कुणाला द्यायचा, आणि ती संस्था बंद करायचा अधिकार कुणाच्या हातात आहे, हे सगळे कायदे एकमेकांशेजारी ठेवून वाचायचे आणि प्रत्यक्षात काय होतं ते लोकांना विचारून लिहायचं. ठरावीक महिने तिथे बसून हेच करायचं, मग परत यायचं. आणि हे काम किती गरजेचं आहे ते मला ती आमच्या ऑफिसात येऊन बसली तेव्हाच कळलं.

उन्हाळ्यात ती महिनाभर घरी आली होती, तेव्हा एक दिवस म्हणाली काका मला तुमच्या फायली बघू द्या. मी म्हटलं यात काय बघायचंय बाळा, पण ती तीन दिवस आमच्या लोखंडी कपाटासमोर खुर्ची टाकून बसली होती. पहिल्याच दिवशी तिने विचारलं की शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीच्या, उताऱ्यावर अजून जुन्या विश्वस्तांची नावं कशी, यातले दोघं तर वारलेत ना. आता बाहेरच्या माणसाला सांगायचं तर, ट्रस्टमध्ये विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो, सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचं कलम २२, तो मंजूर झाला की मगच रजिस्टरला नवीन नाव चढतं. आम्ही रिपोर्ट वेळेत दाखल केले होते, पोचपावत्या फायलीत आहेत, पण तारखांवर तारखा पडत गेल्या, मध्ये साहेब बदलले, एकदा फाइलच सापडेना, आणि प्रत्येक तारखेला एसटीचं भाडं, दिवसाचा खाडा आणि वकिलाची फी. मी कुठल्या कार्यालयाचं नाव घेत नाही आणि तिथल्या माणसांना दोषही देत नाही, टेबलावर फायलींचा ढीग बघितलाय मी. पण परिणाम काय झाला, एका कंपनीचा सीएसआरचा, म्हणजे नफ्यातून समाजकामाला द्यायचा, पैसा जवळजवळ ठरला होता, त्यांनी ताजा उतारा मागितला, उताऱ्यावर दोन मयत माणसं, त्यांच्या कंप्लायन्सवाल्यांनी नाही म्हणून सांगितलं. हिशेब स्वच्छ होते हो आमचे. दरवर्षीचं ऑडिट आहे.

हे झालं देशातल्या पैशाचं. आता परदेशी पैशाकडे येतो, कारण त्या पत्रात सगळा भर त्याच्यावर होता.

पुण्याच्या एका मोठ्या संस्थेला बाहेरून देणगी यायची, त्यातला थोडा भाग ते आम्हाला द्यायचे, आमच्या ताईचा पगार आणि मुलांचं दूध त्यातून निघायचं. आमचीही एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी होती, सगळं रीतसर होतं. सप्टेंबर २०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, कोरोना चालू होता तेव्हा, आणि एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायलाच बंदी आली, मग त्या दुसऱ्या संस्थेची नोंदणी असली तरी. मोठ्या संस्थेकडे इंग्रजीत प्रपोजल लिहिणारी माणसं असतात आणि आमच्याकडे मुलं असतात, हे दोघं एकमेकांना जोडून घ्यायचे ते तिथे तुटलं. शिवाय परदेशी पैशासाठी प्रत्येकाचं मुख्य खातं दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत पाहिजे, दर पाच वर्षांनी रिन्यूअल, वर्षाला एफसी-४ हा रिटर्न, आणि पैसा शून्य आला तरी शून्याचा रिटर्न भरायचा. आम्ही तीन वर्षं शून्याचे रिटर्न भरले. मग मुदत संपली तेव्हा रिन्यूअल भरलंच नाही. देशभरात आतापर्यंत वीस हजारांहून जास्त संस्थांच्या नोंदण्या रद्द झाल्यात, त्यात खरंच गडबड केलेल्याही असतील, नाही असं मी म्हणत नाही, पण कायदा मोडल्याचं आणि कागद वेळेत न पोचल्याचं मोजमाप एकाच मापाने होतं हे मला खटकतं.

त्याच दुरुस्तीत अजून एक गोष्ट आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली. ऐकायला किती छान वाटतं, ऐंशी टक्के पैसा गरिबांवर खर्च व्हायला पाहिजे, मलाही वाटलं होतं. पुतणीने नियम काढून दाखवला की प्रशासकीय म्हणजे नक्की काय. शाळेतल्या शिक्षकाचा, दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार त्यात धरत नाहीत, ते बरोबरच आहे. पण ऑफिसचं भाडं, लाइट, फोन, स्टेशनरी, हिशेब ठेवायचा खर्च, सीएची आणि वकिलाची फी, एवढंच काय रिपोर्ट लिहून दाखल करायचा खर्चसुद्धा त्याच वीस टक्क्यांत. म्हणजे एका हाताने रिपोर्ट वाढवले, आधार जोडा, पोर्टलवर अपलोड करा, आणि दुसऱ्या हाताने ते रिपोर्ट लिहिणाऱ्या माणसाच्या पगाराला कात्री लावली. आमचा तो बीकॉम झालेला मुलगा आहे ना, त्याचा पगार कुठल्याच देणगीदाराला द्यायचा नसतो, देशातल्याही नाही, सगळ्यांना मुलांच्या ताटातल्या भाकरीचा फोटो पाहिजे असतो. पण तो मुलगा नसेल तर तुमच्या त्या पत्रलेखकांना पाहिजे तो स्वच्छ हिशेब लिहिणार कोण?

इथे पुतणीने मला इथियोपियाची गोष्ट सांगितली आणि ती मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे कुणी ती सांगत नाही. तिथे २००९ साली एक कायदा झाला. त्यात असं होतं की मानवी हक्क, स्त्रियांचे हक्क, मुलांचे, अपंगांचे हक्क अशा विषयांवर काम करायचं असेल तर संस्थेच्या उत्पन्नात परदेशी पैसा दहा टक्क्यांच्या वर चालणार नाही. गरीब देश, देशात देणगी देणार कोण. तिथे महिला वकिलांची एक संघटना होती, मारहाण झालेल्या, नवऱ्याने टाकलेल्या बायकांना फुकट कायद्याची मदत करायची, तिची बँक खाती गोठवली, काम पार आक्रसलं. आणि त्याच कायद्यात दुसरा नियम होता, सत्तर-तीस. सत्तर टक्के कामावर, प्रशासनावर तीसच्या आत. आता प्रशासन म्हणजे काय, तर प्रशिक्षणासाठीचा प्रवास, कामावर देखरेख ठेवायला गेलात तर त्याचा खर्च, हेसुद्धा बऱ्याच अंशी प्रशासनात धरायला लागले. ज्या संस्थेचं कामच गावोगाव जाऊन प्रशिक्षण देणं आहे तिने करायचं काय?

दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, तिथल्या नव्या सरकारने तो कायदा बदलला, संस्थांच्या लोकांना बरोबर घेऊन नवीन लिहिला. दहा टक्क्यांची अट गेली. आणि ऐका, प्रशासकीय खर्चाची मर्यादा तीसची त्यांनी वीस केली, कमी केली! तरी संस्थांनी स्वागत केलं. कारण व्याख्या बदलली, जो खर्च थेट कामाशी जोडलेला आहे तो प्रशासकीय धरायचाच नाही असं केलं. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं, कारण मी इतकी वर्षं टक्क्यावर भांडत होतो आणि गोष्ट टक्क्यात नव्हतीच, ती त्या टक्क्यात काय काय कोंबलंय याच्यात होती. आपल्याकडेही वीस टक्के ठेवा हवं तर. पण हिशेबनीस, ऑडिट आणि सरकारला द्यायचे रिपोर्ट यांचा खर्च त्याच्या बाहेर काढा. एवढी साधी दुरुस्ती आहे, आणि ती केल्याने हिशेब सुधारतील, बिघडणार नाहीत.

इथियोपियाचं सगळं गोड झालं असंही नाही, २०२४ च्या अखेरीस तिथल्या काही हक्कांवर काम करणाऱ्या संस्थांचं काम सरकारने परत थांबवलं. चांगला कायदा केला म्हणजे संपलं नाही, असं ती म्हणाली, तेव्हा तिचा आवाज जरा उतरलेला होता, ज्या लोकांशी ती बोलली होती त्यातले काही तिथलेच असावेत.

केनियाचं तर वेगळंच. तिथे संस्थांसाठी बरा म्हणावा असा कायदा जानेवारी २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या सहीने झाला, पण तो लागू करायची अधिसूचनाच निघेना. त्याच वर्षी त्यात परदेशी पैशाला पंधरा टक्क्यांची मर्यादा घुसवायचा प्रयत्न झाला, संसदेने तो फेटाळला. २०१६ मध्ये कोर्टाने सांगितलं लागू करा, तरी नाही. शेवटी १४ मे २०२४ ला लागू झाला. अकरा वर्षं! आमचा चेंज रिपोर्ट आठवला मला. संस्थावाले लोक अकरा वर्षं एका अधिसूचनेच्या मागे लागून राहिले, याला चिकाटी म्हणतात.

रशियाबद्दल सगळ्यांना थोडंफार माहीत असतं, २०१२ पासून बाहेरून पैसा घेणाऱ्या आणि सरकारच्या मते राजकीय काम करणाऱ्या संस्थेला स्वतःला "परदेशी एजंट" म्हणवून घ्यावं लागतं, आणि त्यांच्या भाषेत तो शब्द हेराच्या अंगाने जातो. स्टालिनच्या काळात मारल्या गेलेल्यांची नावं गोळा करणारी मेमोरियल ही संस्था डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बंद केली, आरोप मुख्यतः हाच की तो शिक्का सगळीकडे छापला नाही. पुढच्या वर्षी तिला शांततेच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. हंगेरीने २०१७ मध्ये जरा सौम्य शिक्का काढला, वर्षाला ७२ लाख फोरिंटच्या वर बाहेरून मदत आली तर तसं जाहीर नोंदवायचं आणि स्वतःच्या वेबसाइटवर, छापील कागदांवर लिहायचं, तो युरोपियन युनियनच्या कोर्टाने जून २०२० मध्ये बेकायदा ठरवला आणि नंतर मागे घ्यावा लागला. जॉर्जियात २०२३ ला लोक रस्त्यावर उतरले म्हणून विधेयक मागे घेतलं आणि २०२४ ला परत आणून मंजूर केलं. एका देशाचं बघून दुसरा देश कायदा लिहितो हे या ओळीत स्पष्ट दिसतं, आणि तसं बघितलं तर आपला १८६० चा सोसायटी नोंदणी कायदाही इंग्लंडच्या १८५४ च्या एका कायद्यावरून घेतलेला आहे. मग कायदे असे देशोदेशी फिरत असतील तर ते वाचणारं कुणीतरी आपल्याकडचंही फिरायला पाहिजे ना. आपल्याला चांगलं काय आणि वाईट काय हे त्याशिवाय कळणार कसं?

याच इंग्लंडमध्ये आज काय आहे तेही सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ज्या धर्मादाय संस्थेचं वर्षाचं उत्पन्न पाच हजार पौंडांच्या आत आहे तिला सहसा तिथल्या धर्मादाय आयोगाकडे नोंदणीची सक्ती नाही, आणि जी नोंदलेली आहे तिची माहिती, आणि मोठी असेल तर हिशेबही, कुणीही घरबसल्या नेटवर बघू शकतो. लहानाला लहान म्हणून वागवायचं आणि मोठ्याचं सगळं उघड ठेवायचं. आमच्यासारख्या चाळीस मुलांच्या ट्रस्टला आणि शेकडो कोटींच्या ट्रस्टला तोच १९५० चा कायदा, तेच शेड्यूल, त्याच तारखा, याचा विचार आपण कधी करणार?

परदेशी पैसा म्हटलं की आपल्याकडे लगेच देशद्रोहाची भाषा सुरू होते म्हणून एक जुनी गोष्ट आठवण करून देतो. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला म्हणून, आणि दोन वर्षांहून जास्त तिथेच फिरत राहिल्या, बायकांच्या संघटना कशा चालतात, शाळा कशा चालतात, सगळं बारकाईने बघितलं आणि मराठीत लिहिलं. आजच्या भाषेत आपली पहिली व्हिजिटिंग फेलोच म्हणा ना. तिथे बॉस्टनला १८८७ मध्ये त्यांच्या नावाने मंडळ निघालं, त्यांनी दहा वर्षं पैसा द्यायचं कबूल केलं, आणि त्या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढे पुण्याला आलं. पुढे धर्मांतराच्या प्रश्नावरून केसरीने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, तो वाद मोठा होता आणि दोन्ही बाजूंना म्हणायला काहीतरी होतं. पण ज्या विधवा मुली तिथे शिकल्या त्या शिकल्याच, आणि वाद झाला तो वर्तमानपत्रात, लोकांसमोर झाला, नोंदणी रद्द करून मिटवला नाही. मला तरी तीच पद्धत बरी वाटते.

सुप्रीम कोर्टाने ८ एप्रिल २०२२ ला आपली ही २०२० ची दुरुस्ती बहुतांशी वैध ठरवली, परदेशी देणगी मिळणं हा कुणाचा हक्क नाही असं सांगितलं. निकाल मान्यच आहे. पण कोर्टाने एवढंच बघितलं की कायदा घटनेत बसतो का, तो चाळीस पोरांच्या वसतिगृहाला पेलतो का हे बघायचं काम संसदेचं आणि विधानसभेचं आहे, आणि ते बघायला आधी कुणीतरी मोजून सांगायला पाहिजे. पुतणीने आमच्या फायलींवरून मोजलं, वर्षभरात मी आणि तो मुलगा मिळून किती दिवस फक्त कागदांवर घालवतो. ऑडिट, धर्मादायचे फॉर्म, इन्कम टॅक्सच्या सवलतींची ठरावीक वर्षांनी फेरनोंदणी, त्यांनाच द्यायची देणगीदारांची यादी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा नंबर, सीएसआरचा पैसा घ्यायचा तर सीएसआर-१ हा फॉर्म. तिचा आकडा आला एकसष्ट दिवस. सहा महिने चालणाऱ्या वसतिगृहासाठी दोन महिने कागद.

म्हणून माझं तुमच्याकडे आणि त्या पत्रलेखकांकडेही मागणं असं आहे, की कडक करा म्हणायच्या आधी एकदा एखाद्या तालुक्याच्या ट्रस्टमध्ये जाऊन बसा. आणि आपल्या लॉ कॉलेजांना माझी कळकळीची विनंती आहे, दिल्ली वॉशिंग्टनला जाणारी मुलं जाऊ द्या, पण संभाजीनगरला, पुण्याला, मुंबईला लॉ शिकणाऱ्या पोरांना एक सत्र तरी गावातल्या ट्रस्टच्या आणि धर्मादाय कार्यालयाच्या फायलींवर बसवा, त्यांना इथियोपिया आणि केनियाही वाचायला लावा, आणि जे सापडेल ते मराठीत लिहायला लावा. इंग्रजीत लिहिलेलं आमच्या विश्वस्तांपर्यंत पोचत नाही, आमदारांपर्यंत तरी कुठे पोचतं. तुमच्या पेपरात रविवारी एखादा कोपरा याला मिळाला तर पुतणी लिहायला तयार आहे, मी विचारलंय तिला.

ती आता परत गेलीय. परवा रात्री तिचा फोन आला होता, विचारत होती की चेंज रिपोर्टची पुढची तारीख कधी. तारीख पुढच्या महिन्यात आहे. यंदा कोयते लवकर निघालेत, कालपर्यंत सत्तावीस मुलं आली, अजून तेरा यायची आहेत आणि ताईचा या महिन्याचा पगार अजून जमलेला नाही.

आपला नम्र वाचक,
एका छोट्या ट्रस्टचा सचिव, जि. बीड